दोनशे बारा पासपोर्ट

८ मार्च १९९९, सोमवार

अमेरिकेहून बाई येतेय! पुढच्या मंगळवारी. शर्ट घेणाऱ्या कंपनीची माणूस. शिलाई नाही बघायची तिला, बटणं नाही बघायची — कामगारांचे पासपोर्ट कुणाकडे असतात ते बघायचंय! कामगारांकडे नसतील तर पुढची ऑर्डर नाही.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "अरुण, सब के हाथ में पासपोर्ट दिखना चाहिए. लेकिन एक भी भागना नहीं चाहिए. समझे?"

समजलं. अकरा वर्षं दुबईच्या जबल अलीत, ह्या शर्टांच्या कारखान्यात पर्सोनेल सांभाळतोय. तिजोरीची किल्ली माझ्या कमरेला. कामगार दोनशे बारा. एकेकाला पासपोर्ट हातात दिला तर निम्मे उद्याच विमानतळावर, आणि उरलेले दुसऱ्या कंपनीच्या दारात. हे त्या बाईला कोण सांगणार? तिला वाटतं पासपोर्ट म्हणजे माणसाचा हक्क. इथे पासपोर्ट म्हणजे गुरांच्या गळ्यातलं दावं. सोडलं की गुरं शेजारच्या शेतात.

घरी आलो तर ममताने लिफाफा पुढे धरला. कॅनडाच्या इमिग्रेशनचं पत्र! २६ एप्रिल, सोमवार, अबुधाबी, इंटरव्ह्यू. दोघांनी यायचं, मूळ पासपोर्ट घेऊन. तीन वर्षं वाट बघितली ह्या कागदाची. काव्या विचारते, "Papa, will there be snow?" ममता रडलीच. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. माणसाला जिथे जायचंय तिथे जाता आलं पाहिजे. आयुष्यात दुसरं असतं काय?

१० मार्च, बुधवार

सुचलं! आंघोळ करताना सुचलं.

सगळ्यांना पासपोर्ट द्यायचे — पण दुसऱ्याचे. दगडूला विघ्नेशचा, विघ्नेशला हैदराबादच्या हमदुल्लाचा. वरून सगळे निळे, सगळ्यांना प्लास्टिकचं कव्हर. बाई विचारेल, "पासपोर्ट?" हात वर. दोनशे बारा हात, दोनशे बारा पासपोर्ट. आणि दुसऱ्याचा फोटो घेऊन विमानतळावर जाईल कोण?

साहेब हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. "तुम तो शैतान हो, अरुण!" चहा मागवला माझ्यासाठी. अकरा वर्षांत पहिला.

११ मार्च, गुरुवार

एक कमी पडतोय. नूरजहाँचा पासपोर्ट रिन्यूला कॉन्सुलेटमध्ये. माणसं दोनशे बारा, तिजोरीतल्या रजिस्टरवर कामगारांचे पासपोर्ट दोनशे अकरा. तिला त्या दिवशी रूमवर ठेवावी म्हटलं, तर बाईने हजेरीची यादी आधीच मागवलीय. सगळे हजर हवेत.

शेवटी तिजोरीच्या वरच्या कप्प्यातून माझाच काढला. स्टाफचे पासपोर्टही कंपनीतच असतात. नियम. पण किल्ली माझ्याकडे, म्हणजे माझा माझ्याकडेच. अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न. द्यायचा कुणाला? विश्वासाचं माणूस एकच — रंभा.

रंभा पॅकिंगला आहे. सत्तेचाळीस नंबर. माझ्या कुडाळजवळच्या गावची, नवरा नाही, नऊ वर्षांची मुलगी रंजिता आजोळी ठेवून आलेली. मीच आणली तिला इथे. राखी बांधते मला. मी ऑफिसात मुद्दाम शुद्ध बोलतो, तरी ही सगळ्यांसमोर मालवणीत हाक मारते. वरमायला होतं. पण मान वर करून बघायची नाही कधी.

तिला समजावलं. कव्हर उघडून फोटो बघितला आणि हसली. "ह्यो माझो नाय, भाऊ. तुमचो आसा!"

म्हटलं, गप्प. एकच वाक्य पाठ कर — माय पासपोर्ट इज विथ मी.

दहादा म्हणून घेतलं. छान म्हणते.

१३ मार्च, शनिवार

सकाळी कुडाळच्या एसटीडी बूथवरून फॅक्स. रंभाच्या भावाचा. "रंजिताचा ताप डोक्यात गेला. सारखी आईला विचारते. ताबडतोब पाठवा."

कसला मुहूर्त! तीन दिवसांवर बाई येतेय आणि ही आता रडत फिरणार! शिवाय तिला पाठवायची म्हणजे पासपोर्ट, एक्झिटचा शिक्का, तिकीट, आणि पॅकिंगला माणूस कुठून आणू? शिपमेंट वीस तारखेला. पोरांना ताप येतातच. काव्याला मागच्या महिन्यात एकशे तीन होता.

फॅक्स ड्रॉवरमध्ये ठेवला. मंगळवारी संध्याकाळी देऊ.

दुपारी कॅन्टीनपाशी दिसली. "भाऊ, घरसून काय निरोप इलो?" दर शनिवारी विचारते.

म्हटलं, नाही.

१५ मार्च, सोमवार

दुसरा फॅक्स. मुलगी गेली. काल पहाटे.

वाईट झालं. पण आता घाई तरी कशाची? एका दिवसाने काय फरक पडतो? उलट उद्याचा दिवस तिचा बरा जाईल. हे साहेबांना सांगितलं, तेही म्हणाले, "बिलकुल सही. कल के बाद." दोन्ही कागद एकत्र पिन केले. एका माणसाचे सगळे कागद एका पिनेत — ही माझी पहिल्यापासूनची शिस्त.

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असेल.

१६ मार्च, मंगळवार

खलास! पार पडलं!

सकाळी सहाला वाटप. ज्याला त्याला आपलं नाही ते मिळालं. दगडू — कटिंगचा, तोंडाळ माणूस — म्हणतो कसा, "साहेब, सहा वर्षांनी पासपोर्ट हातात आला, तोपण परक्याचा! लग्नात नवरी बदलावी तसं झालं." हसले सगळे. मीही हसलो. मग म्हटलं, जो तोंड उघडेल त्याचा ओव्हरटाइम बंद. हसणं थांबलं.

बाईचं नाव लरिसा. पन्नाशीची, पांढरे केस बारीक कापलेले, पायात साध्या चपला. मला वाटलं होतं कुणी मडम असेल. लाइनवर फिरली, एकेकाला विचारत गेली, हात वर होत गेले. आणि पॅकिंगला आल्यावर नेमकी थांबली रंभापाशी. म्हणाली, "बघू?" आणि हात पुढे केला.

तो उघडला असता तर आत माझं थोबाड!

रंभाने पासपोर्ट छातीशी घट्ट धरला, मान खाली, आणि म्हणाली, "माय पासपोर्ट इज विथ मी." बाई हसली. म्हणाली, बरोबर आहे, मलासुद्धा देऊ नकोस, कुणालाच देऊ नकोस. पाठ थोपटून पुढे गेली. वाह रे माझी रंभा! वाचवलंस!

दुपारी बाईबरोबर जेवण. तिनेच सांगितलं — जन्म रशियातला. बापाने देश सोडायचा अर्ज केला, तर नोकरी गेली. सात वर्षं सही करणारा सही करीना. मग अमेरिकेने सत्तरच्या दशकात कायदा केला: जो देश आपल्या माणसांना बाहेर जाऊ देत नाही, त्याच्याशी चारचौघांसारखा व्यापार करायचा नाही. म्हणाली, "रशियाला गहू पाहिजे होता, व्यापारात सूट पाहिजे होती, म्हणून आम्ही सुटलो. माझ्या बापाची किंमत आगगाडीभर गव्हाएवढी होती." तो कायदा इथे लागू नाही, पण तिच्या कंपनीने त्यावरूनच आपला नियम केलाय म्हणे — माणसं मोकळी असतील तर ऑर्डर. म्हणाली, "हा माझ्यासाठी फॉर्म नाहीये, मिस्टर परब."

मी मान डोलावली. वाईटही वाटलं तिच्या बापाचं. सात वर्षं!

मग भात कालवता कालवता विचारते, "आणि तुमचा? तुमचा पासपोर्ट कुठे असतो?"

म्हटलं, घरी. बायकोकडे.

"छान," म्हणाली.

चारला गेली. रिपोर्ट चांगला देते म्हणाली. साहेबांनी हात मिळवला.

मग राहिलेलं काम. पासपोर्ट गोळा करायला टेबल लावलं होतं, रांग लागलेली. रंभाला बाजूला घेतलं, फॅक्स हातात दिला, म्हटलं, धीर धर, आत्ताच आलाय. मराठी वाचता येतं तिला, हळूहळू येतं. उभ्या उभ्या वाचला आणि खाली बसली. ओरडली नाही, रडली नाही. बरं झालं, बाईची गाडी गेटपर्यंतही गेली नसेल. नूरजहाँ आणि पॅकिंगमधली बिलकीस तिला धरून बसमध्ये घेऊन गेल्या.

सातपर्यंत गोळा करून मोजले. दोनशे अकरा. रजिस्टरवर दोनशे अकरा. टिक मारली, तिजोरी बंद. एकही इकडचा तिकडे नाही! दोरीवरून चालल्यासारखा दिवस.

१७ मार्च, बुधवार

रंभा कामावर आली. लंचला केबिनच्या दारात उभी. "भाऊ, माका जावक व्हया. तिचा काय ता करूक. आठ दिस."

साहेब आतून हातानेच नाही म्हणाले. मी समजावलं — अग, लहान मुलांचं बारावं-तेरावं कुठे करतात? आणि आता जाऊन तुला कोण भेटणार आहे?

मग म्हणाली, "होय ता. आता कित्याक जाव?"

शहाणी बाई. दुसरी असती तर गोंधळ घातला असता.

जाताना फॅक्स पुढे केला, बोट वरच्या कडेवर, जिथे मशीनचं छापलेलं असतं. "हय वर काय लिवला हा?"

म्हटलं, मशीनचा नंबर. काही नाही.

१८ मार्च, गुरुवार

पाडवा. ममताने श्रीखंड केलं. बाल्कनीत गुढी, काव्याने साखरेची माळ चोखून संपवली. खूप दिवसांनी घरी निवांत जेवलो. ममता म्हणते, पुढचा पाडवा बर्फात.

रंभासाठी डब्यात श्रीखंड द्यावं म्हणत होती. तिला काही सांगितलेलं नाही मी. उगीच सणाच्या दिवशी कशाला.

१९ मार्च, शुक्रवार

शुक्रवार असून सगळ्यांना बोलावलं. उद्या कंटेनर. ड्रॉवर आवरला. तेरा तारखेचा फॅक्स सापडेना. मग डोक्यात प्रकाश — दोन्ही एका पिनेत होते! दोन्ही तिलाच दिले गेले. माझी शिस्त माझ्याच गळ्यात!

जाऊ दे. पहिल्या कागदावर हाताने तारीख नाही. वर छापलेली आहे ती इंग्रजीत, बारीक. तिला कुठलं इंग्रजी?

बिलकीसला येतं. सातवीपर्यंत शिकलेली. सकाळी पॅकिंगमध्ये दोघींची डोकी एका कागदावर होती. मला बघून बिलकीस बाजूला झाली. रंभा झाली नाही. बघत राहिली माझ्याकडे. मान वर करून.

मीच दुसरीकडे गेलो.

दुपारी टेप लावता लावता विचारते, "भाऊ, ही पेटी खय जातली?" म्हटलं, अमेरिकेला. "कोण उघडतलो?" म्हटलं, कोणी गोरी बाई उघडेल, परवाच्यासारखी. मान हलवली आणि पेटीवर आपल्या नंबरची चिठ्ठी चिकटवली. सत्तेचाळीस. चिठ्ठी सरळ, टेप सरळ. आज तिचा आकडा सगळ्यांत जास्त. दुःखावर कामाचं औषध असतं म्हणतात ते खोटं नाही.

२० मार्च, शनिवार

कंटेनर गेला. सील लावताना मी स्वतः उभा होतो. यल्ला, चला, बाय बाय!

२८ मार्च, रविवार

ईदची सुट्टी. कपाट, बिछाने, फ्रिज — काय विकायचं याची यादी. काव्याने आपल्या खेळण्यांवर SOLD लिहिलं.

३ एप्रिल, शनिवार

आज रंभाने विचारलं नाही. घरून निरोप आला का — दर शनिवारी विचारायची. कानाला सवय झालेली असते.

२० एप्रिल, मंगळवार

माझा पासपोर्ट नाही.

तिजोरीत नाही. वरचा कप्पा रिकामा. तीनदा सगळं उपसलं. दोनशे अकरा कामगारांचे आहेत, नूरजहाँचा रिन्यू होऊन आला तोही आहे. माझाच नाही.

मग आठवलं. दिले ते दोनशे बारा होते! माझा धरून. परत आले दोनशे अकरा आणि मी टिक मारली. सगळ्यांना मोजलं, स्वतःला मोजायचं विसरलो. अकरा वर्षं ज्या रजिस्टरवर माझं नाव नाही, त्याच्याशी हिशेब जुळवला!

रंभाच्या हातातच राहिला तो. तिला कागद दिला, ती खाली बसली, पासपोर्ट घ्यायचा राहून गेला.

धावत पॅकिंगला. म्हटलं, रंभा, माझा पासपोर्ट?

"पासपोर्ट?" टेप दाताने तोडला. "तो तिजोरीत आसा ना, भाऊ? तुमीच सांगलास — थयच बरो ऱ्हवता."

२१ एप्रिल, बुधवार

ती कामावर असताना तिची रूम उलटीपालटी केली. गादी फाडली. ट्रंकेचं कुलूप तोडलं. दोन साड्या, राखीचा जुना दोरा, आणि एक फ्रॉक. पिवळा, नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा, दुकानाची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही. झटकून बघितला. खिसेही नाहीत त्याला. परत नीट घडी घालावी म्हटलं, जमेना. तसाच कोंबला.

२२ एप्रिल, गुरुवार

साहेबांना सांगावंच लागलं. हरवल्याची पोलिसात नोंद करायला कंपनीचं पत्र लागतं. पत्र मिळालं की कॉन्सुलेट.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. मग म्हणाले, "लेटर में क्या लिखूँ? कि पासपोर्ट कंपनी के पास था? ऑर्डर आने वाला है, अरुण." मी हात जोडले. म्हटलं, सर, सोमवारी इंटरव्ह्यू आहे, तीन वर्षांनी आलाय. म्हणाले, "कॅनडा? हमको तो बताया नहीं." किल्ली मागितली. दिली.

"शिपमेंट के बाद देखेंगे. इन्शाल्ला."

हेच वाक्य मी किती जणांना ऐकवलंय. इतकं लांबलचक असतं हे वाटलं नव्हतं.

२३ एप्रिल, शुक्रवार

रंभाकडे गेलो. तिच्यासमोर बसलो — हो, जमिनीवर. म्हटलं, बाई, माझं चुकलं. फॅक्स दडवला, चुकलं. पण माझ्या पोरीचा विचार कर, नऊ वर्षांची आहे.

हे तोंडातून गेलं आणि कळलं काय बोललो.

ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

२६ एप्रिल, सोमवार

ममताचा पासपोर्ट घरीच, ती कंपनीची नाही ना. तो घेऊन ती एकटीच गेली अबुधाबीला. बसने. म्हणाली, मी सांगून बघते. संध्याकाळी परत आली, चपला न काढता खुर्चीवर बसली. मुख्य अर्ज माझा, त्यामुळे फाईल बंद केली त्यांनी. मूळ पासपोर्ट नाही, लेखी कारण नाही. "किल्ली तुमच्याकडे होती ना?" एवढंच म्हणाली. काव्याने विचारलं, "So are we going or not?"

२९ एप्रिल, गुरुवार

अमेरिकेहून फॅक्स. तीन पानं. पहिल्या पानावर माझा पासपोर्ट, फोटोसकट. सत्तेचाळीस नंबरच्या पेटीत, शर्टाच्या खिशात सापडला. दुसरं पान कुडाळच्या फॅक्सचं, त्याच खिशातलं — सारखी आईला विचारते, ताबडतोब पाठवा — वरच्या तारखेभोवती लरिसाबाईंनी गोल केलाय. तिसऱ्यावर दोनच ओळी. ऑर्डर रद्द. आणि, "मिस्टर परब, तुमचा पासपोर्ट घरी होता ना?"

साहेबांनी दुपारपर्यंत उत्तर पाठवलंसुद्धा: पासपोर्ट पर्सोनेल ऑफिसरने स्वतःच्या मर्जीने ठेवले होते, कंपनीला कल्पना नव्हती, त्याच्यावर केस केली आहे. केस संपेपर्यंत मला देश सोडता येत नाही. ऑर्डर गेली म्हणून कामगारांना परत पाठवतायत. पगार थकलेला, पण पासपोर्ट हातात. ज्याचा त्याला. पहिला रंभाला. माझ्यासमोरच सही केली तिने, पासपोर्ट उघडला, फोटो नीट बघून घेतला, पिवळ्या फ्रॉकमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"भाऊ, तुमी कदी येतलास?"